आबांनी न केलेला फोन

केंदूरच्या संपतआबांकडे माणूस काम घेऊन आला की आबा आधी त्याला चहा पाजत, मग चष्मा कपाळावर चढवून आढ्याकडे बघत, आणि मग म्हणत, "बघतो. एक शब्द टाकतो." एवढ्यावर माणूस निम्मा मोकळा होऊन उठायचा. पोराची आयटीआयची अ‍ॅडमिशन असो, रांजणगावच्या कंपनीतलं कंत्राटी काम असो, कुणाची बदली असो नाहीतर वस्तीवरचा जळालेला विजेचा डीपी. आबांनी शब्द टाकला म्हणजे काम झालं, अशी गावाची पक्की समजूत होती.

या समजुतीतली गंमत फक्त आबांना ठाऊक होती. निम्म्याहून जास्त वेळा आबा कुणालाही फोन करत नसत. बरीचशी कामं आपापल्या गतीनं व्हायचीच असतात, हे त्यांना अनुभवानं कळून चुकलं होतं. यादीत नाव असलेल्या पोराला अ‍ॅडमिशन मिळतेच, जळालेला डीपी आज ना उद्या बदलतातच. काम झालं की माणूस पेढे घेऊन येई आणि आबा हसून म्हणत, "म्हणलं व्हतं ना!" नाही झालं तर, "माझा शब्द ठेवला न्हाई त्यानं, बघतो त्याच्याकडं." दोन्हीकडून आबांचं काही जात नसे. याला लबाडी म्हणावं तर आबांनी कुणाचा चहाही कधी फुकट घेतला नाही, उलट पाजलाच. त्यांना हवी असे ती फक्त समोरच्याच्या डोळ्यांतली चमक. त्या चमकेच्या जोरावर दूध सोसायटीच्या संचालक मंडळात ते वर्षानुवर्षं निवडून येत होते.

अशा माणसाच्या पोटी सृष्टीसारखी मुलगी यावी, ही दैवानं केलेली चेष्टाच. त्यांच्या स्वतःच्या आईबापासकट सगळं गाव आबांना आबा म्हणे, तशी तीही म्हणे. पण आबांची ही कला तिच्यापाशी चालत नसे. बारावीनंतर पुण्याच्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला, तेव्हा आबा पेढ्यांचा पुडा घेऊन चौकाकडे निघाले. ही उंबऱ्यात आडवी. "आबा, मला मार्क पडलेत म्हणून नंबर लागलाय. कुणाला काही भलतंच सांगायचं नाही." आबांनी तेव्हा ऐकलं. पेढे वाटले आणि तोंड बंद ठेवलं. ते त्यांना किती जड गेलं, हे त्यांचं त्यांना माहीत.

सृष्टीच्या डोक्यात माती शिरली ती मामाच्या शेतात. तिची आई मुक्ताबाई यवतकडची. तिथं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, आणि पाणी धो धो देऊन देऊन मामाची खालच्या अंगाची जमीन खारवून चोपण झाली. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर यायचा. लहानपणी सृष्टीनं तो थर बोटानं चाटून बघितला होता आणि आईचा धपाटा खाल्ला होता. पुढं एम.टेक.ला तिनं विषयच तो घेतला. मातीतून पाणी कसं चालतं आणि जाताना मीठ कुठं सोडून जातं. गाइडनी सांगितलं, "यात पुढं जायचं असेल तर पीएचडीला बाहेर बघ. स्वतःच्या पैशानं मात्र जाऊ नकोस. ज्या जागेला पगार असेल तीच घे."

तेव्हापासून तिचा उद्योग सुरू झाला. घरात तो कुणाला कळेना. पोरगी सकाळी लॅपटॉप घेऊन माडीवर जाई. कुठल्या विद्यापीठात कोण मातीवर काम करतं ते शोधायचं, त्या माणसाचे पेपर वाचायचे, आपलं काम त्याच्या कामाला कुठं लागतं ते बघायचं आणि त्याला पत्र लिहायचं. प्रत्येकाला निराळं. एकच पत्र सगळ्यांना धाडलं तर ते लोक पहिल्या ओळीतच ओळखतात, असं ती सांगे. बऱ्याच जणांचं उत्तर यायचंच नाही. कुणी लिहायचं, काम आवडलं पण यंदा निधी नाही. कुणी मुलाखतीपर्यंत नेऊन सोडून द्यायचं. मधल्या काळात लग्नाची स्थळं आली आणि गेली.

एकदा आबा माडीवर गेले. "किती फी हाय म्हणालीस?"

"फी नाही आबा. ते पगार देतात. नोकरीच असते ती. चार वर्षं त्यांच्या प्रकल्पावर काम करायचं, त्याचीच पीएचडी होते."

"शिकायचं आपण आन् पगार त्यांनी द्यायचा?" आबा हसले. "म्हंजी काहीतरी पाणी मुरतंय. मधी कोण असतो? एजंट?"

"कोणी नसतं. मी लिहायचं, त्यांनी वाचायचं."

"आन् ओळख?"

"ओळख चालत नाही तिकडं."

आबांनी मान हलवली, पण त्यांच्या गळी ते उतरलं नाही. ओळख चालत नाही असं ठिकाण जगाच्या पाठीवर असेल, हे त्यांना चंद्रावर ऊस पिकतो म्हटल्यासारखं वाटलं.

आणि एक दिवस जागा मिळाली. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात. समुद्राशेजारची शेती खारी होते, तिच्यावर प्रकल्प होता. मुलाखत ऑनलाइन झाली. तिथल्या प्राध्यापक बाईंनी तिला मामाच्या शेताबद्दलच जास्त विचारलं. पंधरवड्यानं मेल आला, समितीनं तुमची निवड केली आहे, करारपत्र तयार होतंय. सृष्टी माडीवरून जिना उतरून खाली आली ती रडतच. मुक्ताबाईंना वाटलं, पुन्हा नकार आला. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं." मग सगळा उलगडा झाल्यावर त्याही रडायला लागल्या.

आबांना आनंद झाला तो खराच होता. त्यात खोट काढायची नाही. गोठ्यात जाऊन त्यांनी म्हशीलासुद्धा सांगितलं. पण त्यांच्या हातापायांना आता कंड सुटली होती. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती, आणि घरात एवढी गोष्ट घडलेली.

"करारावर सही होईपर्यंत काही करू नका," सृष्टी म्हणाली.

"बारीकसा सत्कार गं. गावाचा हक्क हाय तुझ्यावर."

पुतण्या पप्पूनं चौकात फ्लेक्स लावला. सृष्टीचा फोटो लहान, आबांचा मोठा, आणि बाजूनं शुभेच्छुकांची मुंडकी. संध्याकाळी मंदिरासमोर खुर्च्या मांडल्या. शाल झाली, नारळ झाला, सृष्टी दोन वाक्यं बोलली. मग माइक आबांकडे आला. आबांनी मनात ठरवून ठेवलं होतं. पोरीनं कष्ट केले, एवढंच बोलायचं. सुरुवातही त्यांनी तशीच केली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, तिकडं कुणाची वळख लावली?"

सगळ्यांनी माना वळवल्या. आबांना समोर ती चमक दिसली, एकदम शे-दीडशे डोळ्यांत. त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. चष्मा कपाळावर चढला. वर मंडपाच्या कापडाकडे बघून आबा म्हणाले, "आता समदंच मायकवर सांगायचं नसतं. पण एवढं सांगतो, संपतचा शब्द साता समुद्रापार बी चालतो. एक फोन लावला, काम झालं."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. सृष्टी खुर्चीत बसली होती, तिच्या हातातला नारळ तिनं मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "कुणाला फोन केलात तुम्ही?"

"कुणाला न्हाई गं! मला तिकडचं कोण ठावं? बोलायची पद्धत असती ती."

"दोन वर्षं मी लिहीत होते, आबा."

"आगं माहितीय समद्यांना."

कुणालाच माहीत नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. पण पोरगी आनंदात होती, तिनं विषय वाढवला नाही.

पप्पूनं भाषणाचा व्हिडिओ आपल्या फेसबुकच्या पानावर टाकला होता. तो गावात फिरला, तालुक्यात फिरला, आणि फिरत फिरत पुण्याच्या एका मुलापर्यंत गेला. त्या मुलानंही त्याच जागेसाठी मुलाखत दिली होती. त्यानं आबांच्या बोलण्याखाली इंग्रजी भाषांतर घालून तो विद्यापीठाला पाठवला. त्याची तरी काय चूक? त्याला वाटलं, आपली जागा वशिल्यानं गेली.

प्राध्यापक बाईंचा मेल आला. भाषा मऊ होती. तुमच्या कामाबद्दल आम्हाला शंका नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पण तक्रार आली आहे, ती निकालात निघेपर्यंत करार देता येणार नाही. तुमच्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं, पहिल्यांदा जितकं उघड बोलले तितक्याच उघडपणे, आपली इथं कुणाशी ओळख नाही असं सांगितलं तर पुरेल. समिती शुक्रवारी बसणार आहे.

सृष्टीनं तो मेल आबांना मराठीत वाचून दाखवला. तो दिवस मंगळवार होता. सोसायटीचं मतदान रविवारी.

"घरात बसून बोला आबा, मी मोबाईलवर घेते. फक्त पप्पूदादाच्या त्याच पानावर टाकायला लागेल."

आबांनी मनात हिशोब मांडला. त्या पानावर टाकलं म्हणजे रविवारच्या आत ते ज्योतिबाच्या हातात पडणार. ज्योतिबा म्हणजे विरोधी पॅनेलचा म्होरक्या. आबांचं वजन पोकळ आहे असं तो दहा वर्षं लोकांना सांगत होता आणि दहा वर्षं कुणी ऐकत नव्हतं. आता आबाच स्वतःच्या तोंडानं सांगणार.

"बोला की वो," मुक्ताबाई म्हणाल्या. "काय झिजतंय तुमचं?"

बुधवारी आबा बसले. टोपी धुतलेली, मोबाईल तांब्याला टेकवून उभा केलेला. सृष्टीनं खूण केली. आबांनी घसा खाकरला. "नमस्कार. मी संपत. तसं बघितलं तर माझ्या बऱ्याच ठिकाणी वळखी हायेत, पण —"

"आबा, तेवढं नको. ओळख नाही एवढंच म्हणा."

पुन्हा सुरुवात. "नमस्कार. माझी तिकडं तशी वळख न्हाई, म्हंजी थेट अशी न्हाई —"

"आबा!"

तिसऱ्यांदा सुरू करणार तेवढ्यात पॅनेलचा माणूस बोलवायला आला. पाबळ रस्त्याच्या वस्तीवर मतं फुटायला लागली होती. आबा उठले. उठताना त्यांना हलकं वाटलं, हेही खरं. "रविवार होऊ दे. सोमवारी सकाळी पयलं काम तुझं."

"शुक्रवारी बसणारे समिती."

"आगं, बँकेची तारीख वाढती, टेंडरची वाढती, आमच्या विलेक्शनची दोनदा वाढली. दोन दिसानं कुणी दार लावून घेतंय व्हय? तू कळव त्यांना, वडील जरा कामात हायेत."

आबा फसवत नव्हते. त्यांची तशी खात्रीच होती. शुक्रवार म्हणजे शुक्रवारच, असं कचेरीचं दार त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. सृष्टीनं मुदत मागितली. उत्तर आलं, दुसरे उमेदवारही उत्तराची वाट बघत आहेत, समिती शुक्रवारीच बसेल.

शुक्रवारी दुपारी आबा एका घरच्या ओसरीवर होते. घरातली सहा मतं. म्हातारा नुकताच वळायला लागला होता, तोच आबांच्या खिशात मोबाईल थरथरला. सृष्टी. आबांनी तो कट केला. थोड्या वेळानं पुन्हा थरथरला. आबांनी पुन्हा कट केला आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "पोरगी हाय, परदेशी निघालीय ना, सारखं काय न काय इचारती." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चमक आली. सहाच्या सहा मतं पक्की झाली.

रविवारी आबा निवडून आले, चांगल्या मतांनी. इतक्या मतांनी की त्या शुक्रवारच्या ओसरीची गरजच नव्हती. गुलाल कानांत गेला, डोळ्यांत गेला. सोमवारी सकाळी न्हाऊन, टोपी घालून आबा बाहेर आले. सृष्टी अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"चल, आण मोबाईल. आता म्हणशील तसं बोलतो."

"शुक्रवारी संध्याकाळीच मेल आला आबा. दुसऱ्याला दिली जागा."

आबांना आधी समजलंच नाही. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमचं मतदान होतं." तिनं चिमटा लावला. "म्हटलं, होऊन जाऊ दे."

आबा तिथंच पायरीवर बसले. गुलाल अजून नखांत होता. काही सुचेना तेव्हा जे आयुष्यभर सुचत आलं तेच तोंडातून निघालं. "त्या बाईंचा नंबर दे. मी बोलतो त्यांच्याशी."

सृष्टीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. "तुमची तिथं ओळख नाही आबा," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

त्यानंतर तिनं परदेशी कुणाला लिहिलं नाही. शिरूरला एका खाजगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली, तिथंच मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली. शनिवारी घरी यायची. हसायची, बोलायची, आईला कामाला हात लावायची. आबांशी वाईट वागली असती तर आबांना सोपं गेलं असतं. मुक्ताबाई मात्र ताट वाढून ठेवत आणि शेजारी बसत नसत. आबा जेवताना ओसरीवरचा फोन आधीसारखाच वाजायचा, माणसं यायची. आबा "बघतो" म्हणायचे, पण चष्मा कपाळावर जाईना. त्यांना त्या म्हाताऱ्याच्या ओसरीवरचा, खिशात थरथरणारा मोबाईल आठवायचा. उचलला असता तर बाहेर अंगणात जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. त्याला किती वेळ लागला असता?

महिन्यानं संचालकांनी आबांना चेअरमन केलं. पुन्हा मंदिरासमोर खुर्च्या, पुन्हा पप्पूचा मोबाईल. आबांनी या वेळी मनाशी बांधलं होतं. माइक हातात घेतला आणि सरळ समोर बघून ते म्हणाले, "मला एक सांगायचंय. सृष्टीच्या येळेला मी कुणालाबी फोन केला न्हवता. माझी तिकडं कुणाशी वळख न्हाई. कधीच न्हवती. पोरीनं तिच्या अकलेवर जागा मिळवली व्हती. मी हितं खोटं बोललो, आन् त्या खोट्यापायी तिची जागा गेली."

त्यांना वाटलं, आता कुणीतरी थू म्हणेल, निदान ज्योतिबा तरी हसेल. त्यांनी तीही तयारी ठेवली होती. मग पुढच्या रांगेतले बिरदेव, आबांचे जुने सोबती, उठून उभे राहिले. "मन लागतं मन, असं बोलायला!" ते म्हणाले. "फोन ज्यानं उचलला त्याच्यावर बालंट येऊ नये म्हणून मानसानं समदं सोतावर घेतलं. नाव फोडलं न्हाई!" आणि टाळ्या सुरू झाल्या. पहिल्यापेक्षा जास्त. आबा माइकवर "आरं न्हाई, न्हाई" म्हणत राहिले, आणि जितक्या वेळा ते न्हाई म्हणाले तितक्या टाळ्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी यवतहून नवनाथ नावाचे गृहस्थ आले. मुलगा इंजिनिअर होता, त्यालाही तिकडंच पाठवायचं होतं. "आबा, नाव सांगू नका आमाला. फकस्त एक शब्द टाका." आबांनी त्यांना सृष्टी कशी लिहायची ते सगळं सांगितलं, प्राध्यापक शोधायचे, त्यांचं काम वाचायचं, पगाराची जागा असेल तिथंच अर्ज करायचा, मध्ये कुणी नसतो. नवनाथ समजूतदारपणे हसत ऐकत होते. उठताना म्हणाले, "व्हय व्हय. तुमची अडचण कळती आबा. सवडीनं बघा."

शनिवारी सृष्टी आली. दिवसभर आबा तिच्या तोंडाकडे बघत होते. दुपारी ती ओसरीवर मेथी निवडायला बसली, तसे आबाही जवळ सरकले आणि उगाच काड्या मोडत बसले.

"बघितला व्हिडिओ," ती म्हणाली.

"मग?"

"चांगलं बोललात."

आबांच्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. किती दिवसांनी त्यांना नीट श्वास आला. काहीतरी बोलावं म्हणून ते तोंड उघडणार, तोच ती खाली बघतच म्हणाली, "आबा, एक विचारू? रागवायचं नाही."

"इचार की."

"खरंच केला नव्हता ना कुणाला फोन?"

आबांना वाटलं, शपथ घ्यावी. पण शपथा त्यांनी याच ओसरीवर बसून कितीतरी घेतल्या होत्या, आणि लहानपणापासून ही त्या ऐकत आली होती. कुठल्या आवाजात सांगितलं तर हिला खरं वाटेल, हे त्यांना कळेना.

"न्हाई गं पोरी," ते म्हणाले. "कुणालाच न्हाई."

सृष्टीनं मान हलवली.

"बरं," ती म्हणाली, आणि मेथीची पुढची जुडी सोडली.